पिवळी रेष, हिरवी रेष आणि वाईचा दगड

18 ऑगस्ट 1868. मंगळवार, शके 1790ची श्रावण अमावास्या. सकाळी जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून बसला होता आणि सूर्यावर ढग होते. हा हर्शेल भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला अधिकारी. युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल हे त्याचे आजोबा. लंडनच्या रॉयल सोसायटीने उपकरणे देऊन त्याला खग्रास ग्रहणाची जागा गाठायला सांगितले होते. जमखंडी तेव्हा रामचंद्रराव उर्फ अप्पासाहेब पटवर्धनांचे, म्हणजे सांगली-मिरजेच्याच पटवर्धन कुळातले संस्थान. आज ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात येते. सांगलीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत.

त्या सकाळी सांगलीतही भरदिवसा अंधार झाला होता. हे सांगायला सांगलीतली स्वतंत्र नोंद हाताशी असण्याची गरज नाही. निरीक्षकांची ठाणी कुठे होती ते ठाऊक आहे : जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण. सावलीचा पट्टा जवळजवळ पश्चिमेकडून पूर्वेकडे गेला आणि तो दोनशे किलोमीटरहून रुंद होता. विजापूर आणि सांगली यांच्या अक्षांशांत फरक नाममात्र आहे. विजापूर पट्ट्यात होते, तेव्हा मिरज आणि सांगलीही होतीच. ग्रहणही नेहमीचे नव्हते. गुंटूरला खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक टिकली.

जमखंडीत ढगांनी त्यातला बराच वेळ खाल्ला. जी फट मिळाली तेवढ्यात हर्शेलने सूर्याच्या कडेवर उसळलेल्या एका ज्वालेवर वर्णपटदर्शकाची फट रोखली आणि तीन तेजस्वी रेषा पाहिल्या : तांबडी, नारिंगी, निळी. अखंड रंगपट्टा मात्र दिसला नाही. इतक्या निरीक्षणावरून एक मोठा प्रश्न निकालात निघाला. वर्णपटात सुट्या रेषा दिसतात याचा अर्थ ती ज्वाला तापलेल्या वायूची आहे. घन किंवा द्रव पदार्थ तापला तर सलग पट्टा दिसला असता. तांबडी आणि निळी रेष हायड्रोजनच्या होत्या. नारिंगी रेषेची जागा त्याने मोजली आणि ती सोडियमच्या ओळखीच्या ‘डी’ रेषेची आहे असे कळवले.

ती सोडियमची नव्हती. जमखंडीच्या त्या ढगाळ सकाळी हर्शेलने पाहिलेली रेष हेलियमची होती. त्या दिवशी भारतात ती पाहणाऱ्या बहुतेकांनी मात्र तिला सोडियमचेच नाव दिले. सोडियमची जोडरेष 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर येते, ही 587.6वर. धावत्या ढगांत, अंधारात, छोट्या उपकरणाने हा फरक पकडणे जवळपास अशक्य होते. म्हणून मी त्याला हर्शेलची चूक म्हणायला तयार नाही. त्याने रंग लिहिला, जागा लिहिली आणि आपला निष्कर्ष वेगळा लिहिला. पुढे निष्कर्ष बदलला, पण नोंद कामाची राहिली. या लेखात जे सांगायचे आहे ते या वेगळेपणाबद्दल आहे. लोखंड, सोने, युरेनियम अशी जड मूलद्रव्ये विश्वात कुठे घडली याचे उत्तर माणसाला जुन्या नोंदी पुन्हा वाचून मिळाले, आणि त्यांतल्या दोन-तीन नोंदी सातारा-सांगलीच्या आसपासच्या आहेत.

हेलियमच्या संदर्भात एक लोककथा बाजूला ठेवायला हवी. विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. नॉर्मन लॉकियरने 1868 साली तिथे दुर्बीण मांडून हेलियम शोधला असे सांगतात, आणि 18 ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजराही होतो. कागद वेगळे सांगतात. 1868च्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होता. ग्रहणाशिवायही सौरज्वाला वर्णपटात दिसायला हव्यात असे त्याने दोन वर्षे आधीच सुचवले होते, पण त्यासाठी सांगितलेले उपकरण त्याच्या हाती पडले ऑक्टोबरमध्ये. 20 ऑक्टोबरला त्याने लंडनजवळून, भर सूर्यप्रकाशात, त्या रेषा पाहिल्या. फ्रान्सचा झान्सेन गुंटूरला ग्रहण पाहून दुसऱ्या दिवसापासून तेच करत होता. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एकाच बैठकीत आली. हर्शेलने नारिंगी म्हटलेली ही पिवळी रेष सोडियमच्या जागेवर बसत नाही हे लॉकियरने निवांत मोजून ठरवले, तिला ‘डी-3’ म्हटले आणि सूर्यात एक अनोळखी मूलद्रव्य आहे असे मांडले. पृथ्वीवर हेलियम सापडायला 1895 साल उजाडले. विल्यम रॅम्झीला तो एका युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत मिळाला.

लॉकियर विजयदुर्गला आला तो 1898 साली, दुसऱ्या ग्रहणाला. लोकस्मृतीने तीस वर्षांच्या अंतरावरच्या दोन घटना एकत्र बांधल्या. त्या ओट्यांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. फक्त त्यांची तारीख आणि त्यांचा विषय बदलतो. तो विषय हेलियमपेक्षा कितीतरी जड आहे.

दोन्ही ग्रहणांच्या मधे, 4 नोव्हेंबर 1879 रोजी, सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यात आकाशातून एक दगड पडला. उल्कापाषाणांच्या जागतिक याद्यांत तो ‘कलुंबी’ या गावाच्या नावाने आहे. नोंद अगदी आखूड : पडताना पाहिलेला, वजन सुमारे साडेचार किलो, वर्ग एल-6. त्याच्या मागेपुढे महाराष्ट्रात पडलेले इतरही त्या याद्यांत सापडतात : 1866चा जामखेडचा, 1877चा भागूरचा, 1939चा अंदुऱ्याचा, अलीकडचा 2012चा काटोलचा. पण साताऱ्याचा म्हणून सांगता येईल असा हा.

‘एल-6’ एवढ्या दोन खुणांत बरीच माहिती भरलेली आहे. ‘एल’ म्हणजे आपल्या जातीच्या दगडांत लोखंड कमी असलेला गट. कमी म्हणजे किती? अशा दगडांच्या वजनाचा पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त भाग लोखंड असते. काही निकेलमिश्रित धातूच्या कणांत, उरलेले खनिजांत बांधलेले. या प्रमाणाने वाईच्या दगडात किलोभराच्या आसपास लोखंड असणार. ‘6’ हा आकडा सांगतो की हा दगड एकेकाळी एखाद्या लघुग्रहाच्या पोटात चांगला भाजला गेला आणि त्याचे मूळचे बारीक गोल कण विरघळल्यासारखे अस्पष्ट झाले. या गटाचा मूळ लघुग्रह सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वी एका मोठ्या टकरीत फुटला. त्या काळात समुद्रतळी साचलेल्या स्वीडनच्या चुनखडीत त्याचे तुकडे अडकलेले मिळतात. वाईला आलेला तुकडा त्याच कुळातला. पण दगड म्हणून या कुळाचे वय 456 कोटी वर्षांच्या घरात, म्हणजे सूर्यमालेइतकेच.

आणि त्यातले अणू त्याहून जुने. सूर्यमाला बनली तेव्हा लोखंड आधीच तयार होते. ते इथे कोणी बनवले नाही. 1879 साली वाईत हा दगड उचलणाऱ्याला तो वरून आला इतके कळत होते. तो कुठून आला हे विज्ञानालाही कळत नव्हते, आणि त्यातले लोखंड कुठून आले हा प्रश्न विचारण्याची भाषाही अजून घडायची होती.

आता 22 जानेवारी 1898. शनिवार, पौष अमावास्या. या ग्रहणाचा पट्टा आधीच्याच्या निम्म्याहूनही अरुंद होता आणि खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. सावली कोकण किनाऱ्यावर चढली, सह्याद्री ओलांडून ईशान्येकडे सरकली आणि वऱ्हाडावरून पुढे बिहारकडे निघून गेली. मुख्य ठाणी पट्ट्याच्या मध्यरेषेजवळ निवडलेली : विजयदुर्ग, सोलापूर जिल्ह्यातले जेऊर रेल्वे स्टेशन, वऱ्हाडातले तळणी, वर्ध्याजवळचे पुलगाव, पुढे शहडोल आणि बक्सर.

नकाशावर विजयदुर्ग आणि जेऊर यांच्यात पट्टी धरली तर ती कराडजवळून आणि पुढे वडूजवरून जाते. म्हणजे सातारा जिल्ह्याचा दक्षिण आणि पूर्व भाग, कराड आणि खटाव, त्या दुपारी भर अंधारात होता. सांगली यावेळी पट्ट्याच्या दक्षिणेला राहिली. तिथे सूर्याची बारीक कोर शिल्लक राहिली असणार. विजयदुर्ग ते जेऊर सरळ अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आत. सावलीने ते काही मिनिटांत कापले.

काळ वाईट होता. 1896-97चा दुष्काळ नुकताच सरला होता आणि प्लेग गावोगाव फिरत होता. पुण्यात रँडचा खून होऊन सात महिने झाले होते. ज्यांनी वेदांतल्या नक्षत्रस्थानांवरून ‘ओरायन’ लिहिला ते लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहून दोन वर्षांपूर्वी प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. आकाश वाचणारी मराठी माणसे होती. दुर्बिणी आणि जहाजे दुसऱ्यांची होती.

याला एक अपवाद होता आणि त्याच्याबद्दल मला विशेष आस्था आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकाने भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. तिथली वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या वेळी भारतातली सर्वांत मोठी. नायगमवालांनी आपला चमू जेऊरला नेला, वर्णपटाची छायाचित्रे घेतली आणि पुढे त्याचा स्वतंत्र अहवाल छापला. ते निवृत्त झाल्यावर, 1912मध्ये, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणे कोडाईकॅनालला गेली. महाराष्ट्रातल्या माणसाने, महाराष्ट्रातल्या पैशापाण्यावर नसले तरी महाराष्ट्रातल्या जमिनीवर, सूर्याच्या वर्णपटाचे केलेले हे सुरुवातीचे काम आहे. त्या मानाने आपल्याकडे त्याचा उल्लेख फार थोडा होतो.

जेऊरलाच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा विल्यम वॉलेस कॅम्पबेल पत्नीसह आला होता. चाळीस फुटी कॅमेरा, बांबू-दगडांची बांधणी, मदतीला हौशी स्वयंसेवक. विजयदुर्गला लॉकियरच्या दिमतीला ‘मेलपॉमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी होते. प्रत्येकाला एकेक काम देऊन दोन मिनिटांच्या कवायतीत त्यांना बसवले होते. तळणीला ॲनी माँडर या गणितज्ञ बाईंनी जेमतेम दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा इतका लांब झोत टिपला की तेवढा तोवर कोणाच्या काचेवर आला नव्हता.

पण आपला विषय आहे एक हिरवी रेष.

खग्रास ग्रहणात सूर्याभोवती जे मोतिया प्रभामंडळ उमटते, त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेष असते. ती 1869 साली अमेरिकेतल्या ग्रहणात यंग आणि हार्कनेस यांनी पाहिली. तेव्हाच्या मोजपट्टीवर ती 1474 या खुणेवर, म्हणजे आजच्या मापात सुमारे 531.7 नॅनोमीटरवर, बसत होती, आणि तिथे लोखंडाची एक रेष असते. प्रभामंडळात लोखंडाची वाफ? सूर्याच्या पृष्ठभागापासून इतक्या उंच, लोखंडासारखे जड द्रव्य? बहुतेकांना हे पटत नव्हते. तीस वर्षे ती रेष ‘1474’ या नावाने आणि लोखंडाच्या संशयाने ओळखली गेली.

कॅम्पबेलचा जेऊरमधला हेतू दुसराच होता. प्रभामंडळ सूर्याबरोबर फिरते का, हे त्याला पाहायचे होते. त्यासाठी सूर्याच्या पूर्व आणि पश्चिम कडेवर हीच हिरवी रेष किती सरकते ते काटेकोर मोजायचे होते. ते मोजताना रेषेची मूळ जागाच चुकीची असल्याचे उघड झाले. कॅम्पबेलने जेऊरच्या काचेवरून दिलेली तरंगलांबी 5303.26 ॲन्गस्ट्रॉम, म्हणजे 530.3 नॅनोमीटर. विजयदुर्गच्या छायाचित्रांनीही तेच दाखवले. फरक अवघा 1.4 नॅनोमीटरचा, पण त्याचा परिणाम मोठा होता. लोखंडाच्या ओळखीच्या रेषेशी हिचे काही नाते उरले नाही. विजयदुर्ग आणि जेऊर यांच्यामधल्या पट्ट्यावर त्या दिवशी लोखंड प्रभामंडळाच्या वर्णपटातून बाद झाले असे म्हणायला हरकत नाही.

मग ती रेष कशाची? पृथ्वीवर न सापडलेल्या एका द्रव्याची, असे ठरले, नाव ‘कोरोनियम’. हेलियमचा अनुभव ताजा होता. सूर्यात आधी दिसलेले द्रव्य तीन वर्षांपूर्वीच बाटलीत सापडले होते, तर हेही सापडेल अशी आशा होती. मेंदेलेयेवनेही पुढे आपल्या तक्त्यात हायड्रोजनच्या अलीकडे त्यासाठी जागा कल्पिली.

कोरोनियम सापडले नाही, कारण ते नव्हते. 1939मध्ये ग्रोट्रियनने प्रभामंडळातली एक तांबडी रेष लोखंडाच्या विलक्षण अवस्थेशी जुळवली, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत स्वीडनच्या बेंग्ट एडलेनने हिरव्या रेषेचा उलगडा केला : ते लोखंडच आहे, पण ज्याच्या सव्वीस इलेक्ट्रॉनांपैकी तेरा उडालेले आहेत असे लोखंड. इतके इलेक्ट्रॉन सोलून काढायला दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि वरचे वातावरण दहा-वीस लाखांचे, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. जेऊरचे मोजमाप अचूक होते आणि 1869चा लोखंडाचा संशयही खरा ठरला. पण खरा ठरला तो पूर्णपणे चुकीच्या कारणावरून. 530.3 हा आकडा काटेकोर लिहिला गेला नसता तर एडलेनला जुळवायला काही मिळाले नसते.

विजयदुर्गच्या लॉकियरबद्दल आणखी एक गोष्ट आता सांगता येते. तो एका जुन्या हट्टाने काम करत होता. ताऱ्यांच्या वर्णपटांकडे पाहून त्याची खात्री झाली होती की मूलद्रव्ये अचल नाहीत. अतितप्त ताऱ्यांत ती सुटतात, थंड ताऱ्यांत जुळतात. आधी त्याने उल्कापाषाणांपासून सारे आकाश घडवणारा ‘मेटिओरिटिक हायपॉथेसिस’ लिहिला आणि ग्रहणानंतर दोनच वर्षांनी, 1900 साली, ‘इनॉरगॅनिक इव्होल्यूशन’. त्याची यंत्रणा चुकली. अणूचे केंद्र म्हणजे काय हेच तेव्हा माहीत नव्हते. पण द्रव्यांना इतिहास आहे आणि तो ताऱ्यांत लिहिलेला आहे, हा विचार घेऊन साताऱ्याच्या डोंगरापलीकडे दोन मिनिटांच्या अंधाराची वाट पाहत बसलेला हा माणूस मला महत्त्वाचा वाटतो.

इतिहासाचा पुढचा टप्पा दगड आणि रेष यांना एका तक्त्यात आणतो. वाईच्या दगडासारख्या उल्कापाषाणांचे पृथक्करण करून त्यांत कोणते द्रव्य किती, याची यादी करायची. सूर्याच्या वर्णपटातून तीच यादी वेगळी करायची. आणि दोन्ही शेजारी मांडायच्या. उडून जाणारे वायू वगळले तर त्या कमालीच्या जुळतात. 1956 साली सूस आणि युरी यांनी असा सविस्तर तक्ता छापला. त्यात एक गोष्ट कोणाच्याही डोळ्यांत भरते : हायड्रोजन-हेलियमपासून पुढे प्रमाण झपाट्याने घसरत जाते आणि लोखंडाजवळ एकाएकी उंच टेकाड येते. त्यापुढे पुन्हा घसरण, आणि तिच्यात जोडीजोडीने छोटे उंचवटे.

त्या टेकाडाचे कारण पुढच्या वर्षी चौघांनी एकत्र मांडले. मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांचा ऑक्टोबर 1957चा शंभरावर पानांचा निबंध म्हणजे या विषयाची पोथी आहे. त्याच वर्षी ॲलिस्टर कॅमेरॉनने कॅनडात स्वतंत्रपणे जवळपास तेच लिहिले. हलकी केंद्रे जुळत गेली की ऊर्जा सुटते. तारा त्यावर जगतो. लोखंडाशी ही मिळकत संपते, कारण केंद्रातली बांधणी तिथे सर्वांत घट्ट असते. म्हणून द्रव्य तिथे साचते. खरे तर ताऱ्याच्या स्फोटात आधी किरणोत्सारी निकेल-56 बनते, आठवड्याभरात निम्मे कोबाल्ट होते, मग अडीच महिन्यांत त्यातले निम्मे लोखंड होते. 1987मध्ये शेजारच्या मॅगेलन मेघात स्फोट झाला तेव्हा कोबाल्टच्या या ऱ्हासाचे गॅमाकिरण प्रत्यक्ष टिपले गेले. वाईच्या दगडातले आणि प्रभामंडळातले लोखंड अशाच मागच्या पिढ्यांच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेले.

या चौघांतला हॉइल मराठी वाचकाला परका नाही. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर 1960मध्ये केंब्रिजला त्याचेच विद्यार्थी झाले.

लोखंडापुढे तारा कसा जातो? न्यूट्रॉन गिळून. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे त्याला केंद्रात शिरायला अडवणूक होत नाही. केंद्र एकेक न्यूट्रॉन सावकाश घेते आणि मधल्या काळात ऱ्हास पावून पुढच्या द्रव्यात जाते, ही एक वाट. म्हाताऱ्या तांबड्या ताऱ्यांत ही चालते. 1952मध्ये पॉल मेरिलने अशा ताऱ्यांत टेक्नेशियमच्या रेषा पाहिल्या होत्या. तिथे अपेक्षित असलेल्या टेक्नेशियमचे अर्धे आयुष्य दोन लाख वर्षे, ताऱ्याचे वय त्याच्या हजारो पट. म्हणजे ते तिथेच बनत असले पाहिजे. दुसरी वाट घाईची : सेकंदभरात न्यूट्रॉनांचा एवढा वर्षाव की ऱ्हासाला सवडच मिळत नाही. सोने, प्लॅटिनम आणि युरेनियम प्रामुख्याने या घाईच्या वाटेने येतात. हा वर्षाव नेमका कुठे होतो, हे 1957च्या निबंधाला नीट सांगता आले नव्हते.

सोन्याशी सातारा-सांगलीचे नाते सगळ्यांना माहीत आहे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडचे माण-खटाव या दुष्काळी टापूतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यावर देशभर गेली. केरळपासून बंगालपर्यंत सराफ पेठेच्या मागच्या गल्लीत विट्याचा गलाईवाला भेटतोच. त्याचे काम जवळून पाहिले तर ते रसायनशास्त्र आहे. मोड किंवा सोनाराच्या दुकानातली झाडलोट मुशीत घालून सवागीबरोबर वितळवतात, टंच काढतात. सोने काढायचे तर आधी त्यात मुद्दाम चांदी मिसळतात, साधारण एकास तीन, कारण चांदी कमी असेल तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. मग तेजाबात उकळतात. तांबडा धूर निघतो, चांदी आणि तांबे विरघळून जातात आणि तळाला तपकिरी भुकटी उरते. तिच्यात चमक नावालाही नसते. तीच पुन्हा मुशीत वितळली की पिवळी लगड होते. वरच्या पाण्यात तांब्याची पट्टी टाकली की चांदी परत बाहेर येते. काहीच वाया जात नाही.

वाईच्या दगडातही सोने असणार. अशा पाषाणांत ते दहा लाख भागांत एका भागाच्या सहाव्या हिश्शाइतके असते, म्हणजे त्या साडेचार किलोंत एक मिलिग्रॅमहून कमी. गलाईवाल्याच्या मुशीत दिसणारही नाही इतके. पण विश्वातल्या सोन्याचा हिशोब करायला हेच प्रमाण कामी येते, कारण पृथ्वीचे बहुतेक सोने तिच्या गाभ्यात बुडाले आणि कवचातल्या प्रमाणावर भरवसा ठेवता येत नाही.

घाईच्या वाटेचा पहिला प्रत्यक्ष पुरावा मिळाला 17 ऑगस्ट 2017 रोजी, आपल्या घड्याळाने संध्याकाळी 6 वाजून 11 मिनिटांनी. 13 कोटी प्रकाशवर्षांवरचे दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या यंत्रांनी टिपल्या. दोनेक सेकंदांत गॅमाकिरणांचा झटका आला. आकाशाचा सुमारे 28 चौरस अंशांचा तुकडा शोधत खगोलशास्त्रज्ञांनी अकरा तासांच्या आत एनजीसी 4993 या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू पकडला. तो काही दिवसांत निळ्याचा तांबडा होत विझत गेला, जड द्रव्यांच्या किरणोत्साराकडून अपेक्षित होता तसाच. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने पुढचे कित्येक महिने त्या अवशेषाचे रेडिओ तरंग ऐकले. 2019मध्ये त्या जुन्या वर्णपटांचे पुनर्वाचन करताना एक रुंद खळगा स्ट्रॉन्शियमचा असल्याचे दाखवले गेले. प्रकाशाच्या वेगाच्या पाचव्या हिश्शाने धावणाऱ्या ढगात रेष इतकी पसरली होती की दोन वर्षे ती ओळखू आली नव्हती. हर्शेलच्या नारिंगी रेषेसारखीच तीही नोंदीत आधीपासून होती.

त्यानंतर सारे सोने न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींचे, असे सरसकट सांगण्याची पद्धत पडली. ती घाई होती. टकरीला दोन्ही तारे आधी मरून, एकमेकांभोवती फिरत जवळ येईपर्यंत पुष्कळ काळ जावा लागतो; आपल्या दीर्घिकेतल्या फार जुन्या ताऱ्यांतही जड द्रव्ये आहेत, तेव्हा लवकर घडणारी एखादी जागाही हवी. 2025मध्ये अनिरुद्ध पटेल आणि सहकाऱ्यांनी एक जुनी नोंद उघडली. 27 डिसेंबर 2004 रोजी आपल्या दीर्घिकेतल्या एका प्रखर चुंबकी न्यूट्रॉन ताऱ्याचा प्रचंड स्फोट झाला होता आणि त्यानंतर काही मिनिटांनी आलेली गॅमाकिरणांची मंद लाट उपग्रहांनी नोंदून ठेवली होती. तिचा अर्थ तेव्हा कोणाला लागला नाही. ती नुकत्याच घडलेल्या जड केंद्रांच्या ऱ्हासाची होती, असे आता त्यांनी दाखवले आहे. अशा स्फोटांचा वाटा दीर्घिकेतल्या या द्रव्यांच्या एक ते दहा टक्के असावा असा त्यांचा अंदाज आहे.

उरलेला हिशोब टकरी मोजूनच लागेल, आणि टकर आकाशात नेमकी कुठे झाली हे लवकर कळण्यासाठी एकमेकांपासून दूर असलेली अधिक यंत्रे लागतात. त्यांतले एक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे राहायचे आहे. लायगो-इंडियाच्या उभारणीला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे 2,600 कोटी रुपये. त्याच्या दोन्ही भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील.